सिंहगडावर सायकलने: आखणी उतारापासून सुरू करा

पुण्यात गिअरची सायकल घेतली की महिनाभरात कोणीतरी विचारतंच, "सिंहगड मारला का?" आणि मग सल्ले सुरू होतात. कुठल्या गिअरवर चढायचं, कुठे दम लागतो, कोणाला किती मिनिटं लागली. हे सगळं चढाबद्दल असतं. पण चढ जमला नाही तर फार तर काय होईल? उतरून सायकल ढकलाल, नाहीतर अर्ध्यातून परत फिराल. उतार जमला नाही तर तेवढ्यावर भागत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं सांगणं असतं की आखणी वरून खाली करा. किती वाजता उतरायला लागायचं ते आधी ठरवा. बाकीच्या वेळा, सायकलची तयारी, पोटातलं आणि पाठीवरचं सामान त्यावरून ठरेल.

रस्ता समजून घ्या

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, पुण्याची साधारण ५६०. स्वारगेटहून निघालात तर विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी करत खडकवासला धरणापर्यंत रस्ता जवळपास सपाट आहे. कोथरूड-वारज्याकडच्यांनी सिंहगड रस्त्याच्या भानगडीत पडू नये. शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे हा रस्ता त्यांना सरळ धरणापाशी आणून सोडतो. पुढे पाणी उजव्या हाताला ठेवून गोऱ्हे, मग डोणजे. इथे पानशेतचा रस्ता सोडून डावीकडे वळायचं की गोळेवाडी येते आणि वन विभागाचा नाका लागतो. स्वारगेटपासून इथवर अंदाजे २५ किलोमीटर.

खरा घाट नाक्यापासून. गडावरच्या वाहनतळापर्यंत साडेआठ-नऊ किलोमीटर, आणि तेवढ्यात साडेपाचशे ते सहाशे मीटर उंची गाठायची. सरासरी सहा-सात टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की सहा-सात मीटर वर. सरासरीवर मात्र फार विसंबू नका. सुरुवातीचा चढ अंगाला सवय होईल इतपत आहे. वाटेत कोंढणपूरकडे उतरणारा फाटा लागतो, तिथे पाटी पाहून गडाचा रस्ता धरायचा. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत वळणं आवळत जातात आणि रस्ता छातीवर येतो. ताकद राखून ठेवायची ती या भागासाठी.

आता डोंगराची सायकल म्हटल्यावर काही जणांचा डोळा आतकरवाडीच्या पायवाटेवर जातो. गडावरून ती वाट सायकलने उतरायची, तीच खरी मजा, असा एक समज आहे. माझं मत स्पष्ट आहे: करू नये. त्या वाटेवर पहाटेपासून चालणाऱ्यांची रांग असते. त्यात आजी-आजोबा असतात, पाठीवर पोर घेतलेले आईबाप असतात, गडावर ताक-दही घेऊन जाणाऱ्या मावश्या असतात. वाट झिजलेली, घसाऱ्याची आणि जागोजागी दगडांची. तिथे चाक घसरलं तर तुम्ही एकटे पडत नाही. डांबरी घाटाने वर आणि डांबरी घाटानेच खाली, हा बेत पहिल्या खेपेला पुरेसा आहे. रुंद टायरची, कमी गिअरची सायकल त्या रस्त्यावरही उपयोगी पडते. का, ते पुढे येईलच.

दिवस ठरवा, मग घड्याळ उलटं मोजा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चनंतर सकाळी नऊलाच ऊन भाजायला लागतं आणि परतीचे २५ किलोमीटर जिवावर येतात. पावसाळ्यात घाट देखणा दिसतो, पण दरडी येतात, धुकं उतरतं, कडेच्या डांबरावर शेवाळ धरतं आणि घाट अचानक बंदही होतो. पहिली खेप पावसात नको.

शक्य असेल तर सुट्टीचा दिवस टाळा. रविवारी गडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते हे पुणेकराला सांगायला नको. त्याशिवाय दोन तारखा लक्षात ठेवा. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी गड घेतला, त्या दिवसाच्या आसपास गडावर कार्यक्रम असतात. दुसरी शिवजयंती, १९ फेब्रुवारीची आणि तिथीचीही. त्या दिवशी शिवज्योत घेऊन धावणारी मुलं गडावरून खाली येत असतात. रस्ता त्यांचा असतो आणि तो त्यांनाच द्यावा.

आता वेळेचा हिशेब. समजा डिसेंबरातला मंगळवार आहे आणि तुम्हाला साडेनऊला उतार सुरू करायचा आहे. साडेनऊ अशासाठी की तोवर ऊन चढून सकाळचं दव वाळलेलं असतं, उजेड स्वच्छ असतो आणि परतताना उन्हाचा त्रास नसतो. वर तासभर धरा, म्हणजे साडेआठला वाहनतळावर. नवख्याला घाट चढायला, मध्ये दोन-तीनदा थांबून, सव्वा ते पावणेदोन तास लागतात. म्हणजे पावणेसातला नाका. त्या दिवसांत साधारण सातला सूर्योदय होतो, तेव्हा झुंजुमुंजू झालेलं असेल. नाक्यापर्यंतचा सपाट रस्ता ताशी १५-१६च्या गतीने, चहाच्या थांब्यासकट, पावणेदोन तासांचा. म्हणजे पाचला घर सोडायचं.

रविवारच हातात असेल तर हेच गणित घट्ट करा. उतार साडेआठला सुरू व्हायला हवा, कारण नंतर चढणाऱ्या गाड्या वाढत जातात आणि वळणावर त्या तुमच्या बाजूला येतात. मग गड बघण्याचा नाद त्या दिवशी सोडायचा, वाहनतळावर खाऊन-पिऊन परतायचं. किंवा सायकल गाडीवर लादून डोणजे-गोळेवाडीपर्यंत आणायची आणि फक्त घाट करायचा. यात कमीपणा काही नाही. पहिल्यांदा घाट चढणाऱ्याने २५ किलोमीटर आधीच दमून यावं असा नियम कोणी केलेला नाही.

सायकल: आधी ब्रेक, मग गिअर

तुमचं वजन, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरू. हे ओझं पावणेसहाशे मीटर वर न्यायला सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा लागते. चढताना ती तुमचे पाय देतात. उतरताना तीच ऊर्जा वाऱ्यात आणि ब्रेकमध्ये जिरवावी लागते. आणि ५०० किलोज्यूल म्हणजे दीड लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता. त्यातली बरीचशी चिमटीएवढ्या पॅडांवर आणि पातळ चकतीवर पडते. म्हणून सायकल तपासायला ब्रेकपासून सुरुवात करायची.

डिस्क ब्रेक असतील तर पॅड काढून बघा. धातूच्या पट्टीवरचा थर एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल तर बदला. नवे पॅड घाटात पहिल्यांदा वापरू नका. आधी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, थोडं दाबून, पंधरा-वीस वेळा सायकल हळू करा, म्हणजे ते चकतीवर बसतात. चकतीला तेलाचा हात लागू देऊ नका. चेनला तेल मारताना फवारा तिकडे जातो आणि ब्रेक निकामी होतो, हे फार सायकलींचं दुखणं आहे. तारेचे ब्रेक असतील तर तार सुटलेली, गंजलेली नाही ना ते पाहा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार आवळून घ्या. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रबराच्या गट्टूत रुतलेले खडे-धातूचे कण टाचणीने काढा. रिम ब्रेकची आणखी एक अडचण म्हणजे सतत दाबून ठेवले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते.

आता गिअर. इथे एक भागाकार करा. सर्वात हलक्या गिअरवर पुढच्या चक्रीचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते. पुढे तीन चक्र्या असलेल्या बऱ्याच सायकलींवर हे २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५च्या आसपास येतं. पुढे एकच चक्री असलेल्या नव्या सायकलीवर ३२ भागिले ५० म्हणजे ०.६४. फरक काही नाही, तेव्हा 'पुढे एकच चक्री' म्हणून बिचकू नका. २६ इंची चाकावर या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत सायकल सव्वा मीटरहून थोडी जास्त जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पावणेपाच किलोमीटर. चालण्याचाच वेग, पण बसून, श्वास न तुटता. भागाकार एकच्या वर येत असेल तर त्याच साठ फेऱ्यांसाठी ताशी साडेसातच्या वर पळावं लागतं आणि सात टक्क्यांच्या चढावर ते नवख्याच्या गुडघ्यांना झेपत नाही. अशा वेळी दुकानात मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, जास्त दात्यांची करून घेता येते का विचारा. ते नऊ किलोमीटर गुडघे घासण्यापेक्षा स्वस्त पडतं. डोंगरी सायकल डांबरावरही कामाची म्हटलं ते यासाठी: शर्यतीच्या सायकलवर इतका हलका गिअर सहसा मिळत नाही.

टायर खाचांचे असतील तर असू द्या. दोन इंची टायरला, साधारण सत्तर किलोच्या माणसासाठी, ३५ ते ४५ पीएसआय हवा पुरते. कडक भरली तर खडबडीत डांबरावर चाक उडतं, फार कमी भरली तर चढात सायकल ओढल्यासारखी वाटते. पुढच्या शॉकअॅब्जॉर्बरला लॉक असेल तर चढताना लावा आणि वर पोचल्यावर आठवणीने काढा. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना गुडघ्यात किंचितच बाक उरेल. पुण्यात निम्मे लोक सीट इतकी खाली ठेवून चालवतात की चढात मांड्या पेटणारच.

महिनाभराची तयारी

सपाटावर न थांबता ४० किलोमीटर जात असाल तर पाया आहे. पुढचा सराव चढाचा. बोपदेव घाट लांबीला कमी, पण दम काढणारा. कात्रजचा जुना घाट सौम्य आणि लांबट. आठवड्यातून एकदा यांपैकी एक करा, शेवटच्या आठवड्यात जमला तर एकच घाट दोनदा. आणि या सरावात मुख्य शिकायचं ते उतरणं. वळणाआधी वेग कुठे कमी करायचा, पुढचा ब्रेक किती चावतो, हात कधी भरून येतात, हे बोपदेवला कळलं तर सिंहगडावर शोध लावायला नको.

सोबत काय

हेल्मेट. त्यावर चर्चा नाही. मागे लाल, पुढे पांढरा दिवा, कारण पाचला अंधार असतो. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत लिंबू-मीठ-साखर. चढायला लागणारी ऊर्जा मघाशी काढली. शरीर खाल्लेल्याच्या चौथ्या हिश्श्याचंच पायडलवर काम करून देतं, म्हणून नुसत्या घाटाला पाचशेच्या आसपास किलोकॅलरी जातात. रात्रीचं जेवण नीट, निघताना दोन केळी, आणि खिशात राजगिऱ्याचे लाडू, खजूर किंवा चिक्की. घाट सुरू होण्याआधी थोडं, मध्यावर थोडं.

एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन पट्टे, हातपंप, ठिगळाचं पाकीट, षट्कोनी चाव्यांचा जुडगा. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारीसारखा जाड की बारीक ते बघून तसाच पंप घ्या. सायकलवाल्याचं दुकान शहर सुटेपर्यंतच मिळेल. पुढे पंक्चरवाले आहेत ते गाड्यांचे, आणि पहाटे तेही झोपलेले. पातळ विंडचीटर घ्या. घामाने भिजलेल्या अंगावर डिसेंबरातला उताराचा वारा झोंबतो, आणि गारठलेली बोटं ब्रेक नीट दाबू शकत नाहीत. बोटं झाकणारे हातमोजे त्यासाठीच. थोडे सुटे पैसे. घरी सांगून जा, आणि एखाद्या गाडीवाल्या मित्राला त्या सकाळी फोन चालू ठेवायला सांगा. घाटात मोबाइलची रेंज जाते-येते. जमल्यास दोघांनी जा.

घाट

नाक्यापाशी पाच मिनिटं थांबा, पाणी प्या, जाकीट उतरवा. पहिल्या किलोमीटरला वाटेल की हे काही अवघड नाही. नेमकं तेव्हाच एक गिअर हलका टाका. सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, हे माप धरा. तुटक शब्द निघायला लागले की वेग कमी करा.

गिअर चढ लागण्याआधी बदला. जोर लावलेला असताना बदलला तर चेन कडकडते, कधी निसटते. बसूनच चढा. उभं राहून मारलेले पायडल शंभर मीटर बरे वाटतात, नंतर वसुली करतात. हँडल घट्ट आवळू नका, खांदे सैल सोडा. आतल्या बाजूने वळणं तीव्र असतात. डाव्या वळणावर तुम्ही आत असता, तिथे मागे गाडी नाही हे ऐकून-पाहून किंचित बाहेरून घ्या. नागमोडी चालवून चढ सोपा करण्याची युक्ती मोकळ्या रस्त्यावर ठीक, इथे मागून वडापच्या जीप येतात.

थांबायचं असेल तर वळणावर नको, सरळ भागात आणि डांबर सोडून. पुन्हा निघताना एक पायडल वर घेऊन, ब्रेक धरून, मग जोर लावा. ढकलावंसं वाटलं तर ढकला. वर कोणी प्रमाणपत्र तपासत नाही. पण फाट्यापर्यंतच पाय लटपटायला लागले असतील, डोकं हलकं वाटत असेल किंवा ढग उतरत असतील, तर तिथून परत फिरा. ढिल्या पायांनी आणि थकल्या डोक्याने उतरणं हा चढण्यापेक्षा मोठा धोका आहे.

वर

वाहनतळाच्या पुढे पायऱ्या आहेत. सायकल तिथेच एखाद्या टपरीवाल्या काकांच्या नजरेखाली, कुलूप लावून ठेवा. त्यांच्याकडे काहीतरी खा म्हणजे मागणं सोपं जातं. पुणे दरवाज्यातून आत गेलात तर देवटाक्याचं पाणी, तानाजींची समाधी, १७०० साली याच गडावर निधन पावलेल्या राजाराम महाराजांची समाधी, टिळकांचा बंगला, आणि वेळ असेल तर कल्याण दरवाजा. हवा स्वच्छ असेल तर राजगड-तोरणा दिसतात. माकडांपासून लाडू सांभाळा.

खाण्याचं काय? पिठलं-भाकरी, भरीत, ठेचा, मडक्यातलं दही. मोह होणारच. उतरायचं असताना मी अर्धी भाकरी आणि दही एवढ्यावर थांबवतो, कांदाभजी परतीच्या वाटेवर पायथ्याला. तुडुंब पोटाने हँडलवर वाकणं सुखाचं नसतं आणि झोपही येते.

उतार

निघण्याआधी दोन्ही ब्रेक जागेवरच दाबून बघा. चाकं घट्ट बसली आहेत ना ते हलवून बघा. शॉकअॅब्जॉर्बरचं लॉक काढा. सीट बोटभर किंवा दोन बोटं खाली करा, वजन मागे-खाली ठेवायला सोपं जातं. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली एक बोट मावेल इतपत.

मग वेग. सात टक्क्यांच्या उतारावर ताशी ४०ने जात असाल आणि वळणामागे अचानक जीप दिसली, तर भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंत दहा-अकरा मीटर जातात आणि थांबेपर्यंत आणखी अठरा-एकोणीस. एकूण तीसेक मीटर, तेही कोरड्या, स्वच्छ डांबरावर. ताशी २५ला हेच अंतर चौदा-पंधरा मीटर. सिंहगडाच्या बऱ्याच वळणांवर तीस मीटर पुढचं दिसतच नाही. म्हणून नियम सोपा आहे: जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. आंधळ्या वळणावर २०, सरळ भागात २५-३०. कोणी मागून सायकलवर भर्रकन पुढे गेला तर जाऊ द्या.

ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक दमदार दाबून वेग पाडा. वळणात सोडा किंवा नुसतं बोट टेकवून ठेवा. वळण संपलं की पुन्हा. मध्ये पॅडांना निवायला वेळ मिळतो. पुढच्या ब्रेकला घाबरणारे सगळा भार मागच्यावर टाकतात. मग मागचं चाक जाम होतं आणि घसरतं. थांबवण्याचं जास्त काम पुढचाच करतो, फक्त तो हळूहळू दाबायचा आणि वजन मागे ठेवायचं. पायडल आडवे, एका पातळीत. डाव्या वळणावर डावा पाय वर. नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे.

आपली बाजू सोडू नका. वळण कापून पलीकडे जाणं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाणं. वळणांच्या बाहेरच्या कडेला खडी आणि माती साचते, ती आधीच बघून ठेवा. चढतानाच लक्षात ठेवता आली तर उत्तम. घंटी असेल तर आंधळ्या वळणाआधी वाजवा. दुचाकीवर सेल्फी काढत येणारे, रस्त्यातच गाडी लावून उतरलेलं कुटुंब, मध्येच बसलेलं कुत्रं, हे सगळं भेटणार असं धरूनच चालवा.

तीन ठिकाणी थांबा, हात दुखत नसले तरी. बोटं झटका. ब्रेकची चकती हाताने तपासू नका, पोळेल. जळका वास येत असेल किंवा लिव्हर आधीपेक्षा खोल जात असेल तर दहा मिनिटं बसा. तेवढ्यात ब्रेक निवतात. निवूनही लिव्हर खोलच जात असेल तर उरलेला उतार पायी, सायकल हातात धरून.

परत

नाक्याला पोचलात की निम्मं संपलं, अजून २५ किलोमीटर आहेत. उतारात पाणी प्यायचं राहतं, ते इथे प्या. खडकवासल्याच्या चौपाटीवर वेग कमी ठेवा. कणीसवाल्यांच्या गाड्यांमधून लोक रस्त्यावर अचानक येतात. शहरात शिरल्यावर उड्डाणपुलावर न चढता खालच्या रस्त्याने जा. दुसऱ्या दिवशी सायकल पुसताना पॅड पुन्हा बघा, हँडल आणि चाकांचे नट आवळून घ्या.

पुढच्या खेपेला तीच वाट नको असेल तर फाट्यावरून कोंढणपूर, मग खेड शिवापूर असं पलीकडे उतरता येतं. तिथून पुण्याकडे यायला महामार्गाच्या नव्या बोगद्याऐवजी कात्रजचा जुना घाट धरा. त्यात आणखी एक चढ पदरात पडतो, आणि वरचा जुना बोगदा अंधारा आहे, तेव्हा दिव्यांची बॅटरी परतीपर्यंत पुरली पाहिजे.